कुत्र्यांच्या उद्यानाला अनुदान मिळेल कसे?

परभणी-पूर्णा लोहमार्गावर पिंगळी हे लहानसे स्थानक आहे. हाच मार्ग पुढे नांदेडमार्गे सिकंदराबादला जातो. त्याच्या जुळ्या शहरात, हैदराबादच्या कोंडापूर भागात, महापालिकेने २०१८ मध्ये खास कुत्र्यांसाठी उद्यान उभारले. पूर्वी कचरा टाकला जाणाऱ्या सुमारे १.३ एकर जागेवर त्यासाठी एक कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. असे उद्यान पिंगळीसारख्या गावात का होऊ नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र त्यासाठी पैसा कशाच्या नावाने मागायचा, हे आधी ठरवावे लागते.

हैदराबादच्या उद्यानात मालक आपला कुत्रा साखळीने धरून आणतो. गावातील बहुतेक कुत्र्यांना असा मालक नसतो. ती साऱ्या गावाची असतात आणि कोणाचीच नसतात. त्यांच्यासाठी हिरवळ व कसरतीची साधने मागणारा प्रस्ताव अनुदानाच्या चौकटीत बसणे कठीण असते. शासकीय साहाय्याचा भर निर्बीजीकरण, रेबीजची लस, उपचार आणि निवारा यांवर आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते, हे त्यामागील कारण.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रकल्प मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच करता येते. शस्त्रक्रियेनंतर कुत्रे जिथून पकडले तिथेच सोडावे, असे नियम सांगतात. म्हणजे कुंपण घालून गावातील सारी कुत्री आत कोंडणे हा या नियमांचा हेतू नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री तेथे परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. रेल्वे स्थानक असलेल्या गावात निवाऱ्याची गरज त्यामुळे अधिक ठळक झाली.

मंडळाचे अनुदान त्याची मान्यता असलेल्या प्राणी कल्याण संस्थांना मिळते. दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र हा निधी घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची प्राप्तिकर कायद्यान्वये व कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते, तसेच सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही लागतो. प्रस्ताव मंजूर करून घेण्यासाठी घाईने स्थापलेली समिती येथेच अडते. त्यापेक्षा जुन्या, मान्यताप्राप्त संस्थेला सोबत घेणे व्यवहार्य ठरते. परभणीतच पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्याने तज्ज्ञांचा सल्लाही दूर नाही.

तिसरा व सर्वात नाजूक प्रश्न जागेचा. मोकळी दिसणारी जमीन गायरान असू शकते. गायरानाच्या वापरावर राज्य शासनाने जुलै २०११ मध्ये कडक निर्बंध घातले आहेत. जागेचा सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव हाती नसताना केलेला अर्ज कागदावरच राहण्याचा धोका असतो.

म्हणून प्रस्तावाच्या पहिल्या पानावर उद्यानाचे रेखाचित्र नसावे. तेथे गावातील कुत्र्यांची मोजणी, आरोग्य केंद्रातील श्वानदंशाच्या नोंदी, लसीकरणाचे वर्षनिहाय उद्दिष्ट आणि देखभालीचा दरवर्षीचा खर्च हवा. कुंपण एकदाच घालावे लागते. अन्न, पाणी, औषध आणि राखणदाराचा पगार मात्र दर महिन्याला लागतो. अनुदान संपल्यावर हा खर्च कोण उचलणार, याचे उत्तर ग्रामसभेने आधीच लिहून ठेवलेले असेल, तर निवाऱ्यालगत कुत्र्यांना मोकळे धावता येईल असा एखादा पट्टा मागणेही अवाजवी वाटणार नाही.