तपासणी आपली, हिशेब कुणाचा?

गोव्याची ट्रिप ठरत असते. ग्रुपवर कुणीतरी ‘भारी स्वस्त मिळतंय, पटकन बुक करा’ म्हणत स्क्रीनशॉट टाकतं. तुम्ही अ‍ॅप उघडता, नावं भरता, खिडकीजवळच्या सीटचा मोह आवरता, इन्शुरन्सला ‘नको’ म्हणता आणि शेवटच्या पानावर पोचता, तर आकडा चांगलाच फुगलेला. बहुतेक जण इथं एक सुस्कारा सोडतात आणि यूपीआयचा पिन टाकून मोकळे होतात. पण त्या आकड्याशेजारी एक छोटासा बाण असतो. त्यावर क्लिक केलं की तिकिटाची फोड दिसते. मूळ भाडं, जीएसटी, विमानतळाची यूडीएफ आणि त्यातच एक ओळ : एव्हिएशन सिक्युरिटी फी, २३६ रुपये.

विमानतळावर तुम्हाला लॅपटॉप बाहेर काढायला लावतात, हात पसरून उभं करतात, बॅग दोनदा मशीनमधून फिरवतात, त्या सगळ्याचं हे बिल. आणि रांगेत उभं राहण्याच्या कितीतरी आधी तुम्ही ते चुकतं केलेलं असतं.

आता प्रश्न असा, की आपल्याच सुरक्षेसाठी आपण वेगळे पैसे का द्यायचे? सुरक्षा हे सरकारचं काम. त्यासाठीच तर टॅक्स भरतो ना? कट्ट्यावर हा विषय काढून बघा, दोन तट पडतील. गंमत म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात दम आहे.

२३६ आले कुठून?

२४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या ‘आयसी ८१४’ विमानाचं अपहरण झालं आणि ते कंदाहारला नेण्यात आलं. तुमच्यातल्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण वेब सीरिजमुळे गोष्ट माहीत असेल. तोवर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडे होती. या घटनेनंतर ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे सोपवायला सुरुवात झाली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळापासून श्रीगणेशा झाला. आज मुंबई, पुणे, नागपूर, गोवा, कुठंही जा, खाकी वर्दीतले तेच जवान दिसतात.

सीआयएसएफचं एक वेगळेपण आहे. हे दल मुळात सरकारी कारखान्यांच्या रक्षणासाठी उभं राहिलं. ज्याच्याकडे जवान तैनात, त्यानं त्यांचा खर्च द्यायचा, अशी त्याची पद्धत. विमानतळांच्या बाबतीत हा खर्च शेवटी येऊन पडला प्रवाशाच्या तिकिटावर.

आधी त्याचं नाव होतं पॅसेंजर सर्व्हिस फी. त्यातले १३० रुपये सुरक्षेचे असायचे. १ जुलै २०१९ पासून ‘एव्हिएशन सिक्युरिटी फी’ हे नवं नाव आलं आणि देशांतर्गत प्रवासासाठी दर झाला १५० रुपये. सप्टेंबर २०२० मध्ये १६० आणि एप्रिल २०२१ मध्ये २००. वर १८ टक्के जीएसटी, म्हणून तिकिटावर २३६. परदेशी जाणाऱ्यांसाठी हाच आकडा ४.८५ डॉलरवरून १२ डॉलरवर गेला. कोविडच्या त्या काळात विमानं रिकामी उडत होती, पण म्हणून जवानांचे पगार काही कमी होत नव्हते. खर्च तोच आणि भरणारे थोडे, की प्रत्येकाचा वाटा वाढणारच. पुढं प्रवासी परतले, विमानतळांवर पुन्हा गर्दी झाली. फी मात्र १६० वर परत आली नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ही फी सगळ्यांना सारखी. सेलमध्ये अडीच हजारांचं तिकीट काढून घरी निघालेला हॉस्टेलवरचा मुलगा आणि तीस हजार मोजून बिझनेस क्लासमध्ये बसलेले साहेब, दोघांचे २३६च.

जो उडेल, तो भरेल?

पहिल्या तटाचं म्हणणं ऐका. देशातल्या बहुतेक लोकांनी विमानात पाऊलही ठेवलेलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरणाऱ्या शेतमजुरानं आपल्या गोवा ट्रिपच्या बंदोबस्ताचे पैसे का द्यावेत? जो उडेल, त्यानं भरावं. हिशेब सरळ आहे, आणि खरं सांगायचं तर न्यायाचाही आहे.

दुसरा तट म्हणतो, थांबा. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसएमटीवर गोळीबार झाला. तरी लोकलच्या पासवर ‘सुरक्षा फी’ अशी ओळ नाही आणि ती असावी असं कुणी म्हणत नाही. मग विमानालाच वेगळा न्याय का? शिवाय विमानाची सुरक्षा फक्त आत बसलेल्यांसाठी नसतेच. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत जवळपास तीन हजार माणसं गेली. त्यात अपहरणकर्ते सोडले तर चार विमानांत मिळून होते २४६ जण. बाकीचे जमिनीवर होते, ऑफिसात काम करत होते, लोकांना वाचवायला धावले होते. त्यांच्यातल्या कुणी त्या विमानांचं तिकीट काढलं नव्हतं.

म्हणजे विमानतळावरची झडती ही एका अर्थानं खालच्या शहराचीही राखण आहे. मग त्याचं सगळं बिल वर बसलेल्यानंच का द्यावं?

‘एअरलाइननं द्यावं की!’ असा तिसरा सूरही निघतो. तो प्रयोग अमेरिकेनं करून पाहिलाय. २००१ पूर्वी तिथं प्रवाशांची तपासणी एअरलाइन्सनी नेमलेल्या खासगी कंपन्या करायच्या. साहजिकच काम मिळायचं स्वस्तात करणाऱ्याला. पगार इतके तुटपुंजे, की काही विमानतळांवर वर्षभरात अख्खा स्टाफ बदलून जायचा. हल्ल्यानंतर सरकारनं टीएसए ही यंत्रणा उभी केली आणि प्रवाशांवर सुरक्षा फी लावली.

अमेरिकेत पुढं काय झालं?

तिथली फी सुरुवातीला प्रत्येक उड्डाणाला अडीच डॉलर होती. जुलै २०१४ पासून एका बाजूच्या प्रवासाला ५.६० डॉलर झाली. वाढलेल्या पैशांतून तपासणी वेगवान झाली असेल, असं वाटेल ना? तसं नाही. २०१३ च्या बजेट कायद्यानं या फीचा एक हिस्सा सरकारची तूट भरून काढण्यासाठी वळवला. नाव सुरक्षेचं आणि पैसे भलत्याच खड्ड्यात!

आपल्याकडेही सगळं आलबेल नव्हतं. जुन्या व्यवस्थेत सुरक्षेचे पैसे प्रत्येक विमानतळाच्या वेगळ्या खात्यात जमा व्हायचे. २०१४ मध्ये केंद्राला आदेश काढावा लागला, की या खात्यातून यंत्रसामग्रीसारख्या भांडवली खर्चासाठी वापरलेली रक्कम परत भरा. प्रकरण कोर्टात गेलं. २०१९ पासून देशभरातल्या फीची रक्कम एका राष्ट्रीय ट्रस्टकडे एकत्र जमा होते. त्याचा फायदा आहे. ज्या छोट्या विमानतळावर दिवसाला मोजकीच विमानं उतरतात, तिथला खर्च तिथल्या थोड्या प्रवाशांकडून कधीच निघाला नसता. पण मोठ्या डब्यात पैसे टाकल्यावर आपल्या २०० रुपयांचं नेमकं काय झालं, हे कळणंही अवघड होतं.

रेघ कुठं मारायची?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयसीएओ, हिचं याबाबत एक धोरण आहे. ते पटण्यासारखं आहे. सुरक्षेसाठी पैसे घ्या, पण खऱ्या खर्चाइतकेच. सर्वसाधारण पोलिसिंग, गुप्तवार्ता, राष्ट्रीय सुरक्षा ही जी सरकारची एरवीची कामं आहेत, त्यांचा खर्च प्रवाशावर टाकू नका.

हीच रेघ आपल्याला उपयोगाची आहे. माझी बॅग तपासणारं मशीन आणि ते बघणारी व्यक्ती, माझी झडती घेणारा जवान, हे माझ्या प्रवासामुळे लागतं. त्याचे पैसे मी देईन, कुरकुर न करता. पण विमानतळाबाहेर हत्यारं घेऊन उभं असलेलं पथक, दहशतवादाविरुद्धची तयारी, गुप्तचरांची माहिती हे सगळ्या शहरासाठी आहे. ते सगळ्यांच्या करातून व्हायला हवं. शेतमजुराला माझी बॅग तपासण्याचा भुर्दंड नको आणि मला अख्ख्या देशाच्या बंदोबस्ताचा नको.

याला पूर्वी झालेलं एक उदाहरणही आहे. २००१ मध्ये रेल्वेनं जुने पूल, रूळ, सिग्नल बदलण्यासाठी १७ हजार कोटींचा खास निधी उभारला. त्यातले पाच हजार कोटी प्रवाशांच्या तिकिटावरच्या अधिभारातून घ्यायचे आणि १२ हजार कोटी सरकारनं द्यायचे, असं ठरलं. कशासाठी, किती आणि कुणाचा वाटा किती, हे आधीच जाहीर झालं होतं. काही वर्षांनी निधी संपला, अधिभारही गेला. विमानतळाच्या फीबाबत इतकी स्पष्टता मागणं ही काही फार मोठी मागणी नाही.

तुमच्या हातात काय?

पहिलं म्हणजे तो छोटा बाण दाबा. प्रत्येक ओळीला किती जातात ते बघा. जाऊन-येऊन ४७२ रुपये सुरक्षेचे, चौघांच्या ग्रुपचे १,८८८. एवढ्यात गोव्यात स्कूटर भाड्यानं मिळते, म्हणून तरी बघा!

दुसरं, विमान चुकलं किंवा तिकीट रद्द केलं, तर हे पैसे सोडू नका. डीजीसीएच्या नियमानुसार तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाच्या फी प्रवाशाला परत द्याव्या लागतात. तुम्ही उडालाच नाहीत, तर झडती कसली आणि तिची फी कसली! पण ‘नो शो’ झाल्यावर बरेच जण हळहळत बसतात आणि मागतच नाहीत. एअरलाइनच्या साइटवर जाऊन मागा. रक्कम छोटी वाटेल, पण ती तुमची आहे.

तिसरं काम जरा मोठं. या फीतून दरवर्षी किती जमा झाले, जवानांवर किती खर्च झाले, मशीनवर किती, शिल्लक किती, हे साध्या भाषेत, एका पानावर जाहीर व्हायला हवं. तुमच्या खासदाराला हे विचारता येतं, संसदेत असे प्रश्न येतात. आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो. इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट करणारे, सीए करणारे, पत्रकारिता शिकणारे, तुमच्या कॉलेजमध्ये असे चार जण सहज भेटतील.

अर्जाची फी आहे १० रुपये. प्रत्येक उड्डाणाला २३६ भरतोच आहोत, तर हे दहाही एकदा भरून बघू.