वळणाचा उठाव आणि संगणकातील कोष्टक

रिद्धपूरच्या परिसरातील रस्त्यांवर मोटारींबरोबर कापसाने शीग भरलेली बैलगाडीही चालते. त्यामुळे वळणाची बाहेरील कड किती उचलावी, हा प्रश्न केवळ गतिशास्त्राचा राहत नाही. ताशी 80 कि.मी. वेग व 600 मी. त्रिज्या असता घर्षणाविना समतोलास 8.4 टक्के उठाव लागेल. अशा उतारावर मंद गाडी आत कलण्याची भीती. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेस उठावासाठी पाऊणच वेग धरते. वेगाच्या वर्गास 225 × 600 ने भागता 4.7 टक्के येतात. सपाट प्रदेशातील कमाल मर्यादा 7. उरलेला 0.037 इतका भार घर्षणाकडे जातो व 0.15 च्या मर्यादेत सहज बसतो. अमेरिकी कोष्टके ही वाटणी निराळ्या रीतीने करतात. आज्ञावलीत तीच राहिल्यास आराखडा निर्दोष दिसतो, पण उठाव परक्या रहदारीचा असतो. तेव्हा त्रिज्या भरण्यापूर्वी कोष्टक बदलणे अवश्य.