चकाकी म्हणजे सपाटी नव्हे

नांदेड-लातूरकडे डाळ मिल, ऑइल मिलच्या दुरुस्तीवर कितीतरी छोटी वर्कशॉप चालतात. कुणी घरामागच्या शेडमध्येच सेकंडहँड मिलिंग मशीन बसवतो. टेबल अडकत सरकू लागलं की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. आरशासारखं चमकलं की झालं, हा पहिला गैरसमज. कागदाला उंचवटा-खळगा कळत नाही. कडेला दाब जास्त पडून कडा गोल होतात आणि कागदाचे खरखरीत कण बिडात (कास्ट आयर्नमध्ये) रुतून समोरचा भाग झिजवत राहतात.

दुसरा समज जास्त महागात पडतो: एकमेकींवर सरकणाऱ्या दोन्ही स्लाइड मध्ये ग्राइंडिंग पेस्ट घालून घासल्या की एकमेकींत बसतात. बसतात खऱ्या, पण एक फुगीर आणि दुसरी खोलगट होऊनही बसतात! म्हणूनच ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोला मांडलेल्या, सपाट प्लेटा बनवण्याच्या पद्धतीत प्लेटा दोन नाहीत, तीन आहेत. तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळल्या तरच त्या सपाट.

खरा उपाय स्क्रॅपिंग. सरफेस प्लेटवर, म्हणजे सपाटी तपासायच्या प्लेटवर, मार्किंग ब्लू या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, स्लाइड त्यावर हलकेच फिरवायची. निळा ठिपका उमटला तो उंचवटा. कार्बाइडच्या स्क्रॅपरने तेवढाच खरडायचा. एका फेरीत जेमतेम काही मायक्रॉन बीड निघतं. पुसायचं, पुन्हा ब्लू, आता खरडण्याची दिशा बदलून. आधी दोन-चार मोठे डाग दिसतात. ते फुटत फुटत इंचभर चौकोनात दहा-बारा ठिपके सारखे पसरले की स्लाइड चांगली झाली. ठिपक्यांमधल्या उथळ खळग्यांत तेल टिकतं. अगदी गुळगुळीत पृष्ठभाग तेल बाहेर दाबून चिकटतात.

गिब, म्हणजे स्लाइडमधलं ढिलेपण काढणारी पट्टी, आवळणं हाही इलाज नव्हे. टेबल मधल्या भागात जास्त झिजतं. तिथलं ढिलेपण काढलं की टोकांना जाम होतं. स्लाइडवर ग्रीसही लावू नका, त्याला धातूचा कीस चिकटतो. ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल वापरा.

आपल्याकडचा उन्हाळाही लक्षात घ्यायला हवा. बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एका बाजूने ऊन लागलं तर वाकतं. प्लेट आणि स्लाइड रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळीच ब्लू लावा.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये स्क्रॅपिंग शिकवतात. पेस्टची डबी उघडण्याआधी जवळच्या एखाद्या जुन्या फिटरला गाठा आणि त्याच्या हाताखाली एक प्लेट खरडून बघा.