हिरवा चारा, हिरवी भाजी आणि ‘अ’ जीवनसत्त्व

दिवेलागणीची वेळ झाली, की इतर मुले अंगणात खेळत असतात; पण एखादे मूल मात्र आईचा पदर सोडीत नाही. वाटेतल्या तांब्याला अडखळते, ताटातला घास चाचपडत शोधते. त्याच वेळी गोठ्यात एखादी कालवड दावणीचा अंदाज न आल्याने खुंट्याला धडकते. घरातील माणसे मुलाला धांदरट म्हणतात आणि कालवडीला खुळी. वास्तविक दोघांचेही दुखणे एकच असू शकते. ते म्हणजे रातांधळेपणा, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या उणिवेची पहिली खूण.

गोठ्यातून लागलेला शोध

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा एक धागा गोठ्यातूनच निघाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 1907 ते 1911 या काळात 16 कालवडींवर एक प्रयोग झाला. त्यांचे गट पाडून एकास केवळ मक्याचा, दुसऱ्यास केवळ गव्हाचा, अशा रीतीने एकाच पिकाचा आहार देण्यात आला. तत्कालीन रसायनशास्त्राच्या हिशेबाने सर्व आहार समतोल होते. तरीही मक्यावर पोसलेल्या गायींना पूर्ण वाढीची, सशक्त वासरे झाली, तर गव्हावरील गायींची वासरे अकाली जन्मली. काही मृत निपजली, उरलेली थोड्याच दिवसांत दगावली. या फरकामागे ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव हे एक प्रमुख कारण होते, हे पुढे उमगले. 1913 मध्ये त्याच ठिकाणी मॅक्कॉलम व डेव्हिस यांनी लोण्यातील स्निग्धांशात वाढीस आवश्यक असा एक घटक असल्याचे दाखविले. तेच ‘अ’ जीवनसत्त्व.

उणीव कशी निर्माण होते?

वनस्पतींत हे जीवनसत्त्व तयार स्वरूपात नसते. हिरव्या पानांत व पिवळ्या-केशरी फळांत कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. त्यापासून माणसाचे व जनावराचे शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते आणि यकृतात साठविते. पावसाळ्यात हिरव्या कुरणावर चरलेल्या जनावराची ही शिल्लक काही महिने पुरते. पुढे मात्र उन्हात वाळलेला, गंजीत पडून राहिलेला पांढुरका कडबाच दावणीत पडतो. त्यात कॅरोटीन जवळजवळ उरलेले नसते. ऐन उन्हाळ्यात शिल्लक संपते आणि दुधातील जीवनसत्त्वही घटते.

लक्षणे

मुलांत रातांधळेपणानंतर बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे राखी ठिपके दिसतात, डोळे कोरडे पडतात. वेळीच उपाय न झाल्यास बुबुळ मऊ पडून दृष्टी कायमची जाते. श्वसनमार्ग व आतडे यांचे अस्तरही दुबळे होते. म्हणून अशा मुलांना हगवण व गोवर अधिक जीवघेणे ठरतात.

जनावरांत डोळ्यांतून पाणी वाहणे, कातडीवर कोंडा धरणे, वासरांना वारंवार हगवण लागणे, गाभ टाकणे, वार अडकणे, वळूची फलनक्षमता कमी होणे ही लक्षणे आढळतात. कोंबड्यांच्या डोळ्यांत चिकट पांढरा पदार्थ साचून पापण्या मिटतात. मात्र यांतील बहुतेक लक्षणांना अन्य कारणेही असतात. निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

खरवस आणि वासरू

वासरू जन्मते तेव्हा त्याच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा साठा नाममात्र असतो. ती उणीव भरून काढण्यासाठी निसर्गाने चीक दिला आहे. जन्मानंतर एक-दोन तासांच्या आत वासरास चीक पाजावा आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका मिळू द्यावा. पंचवीस किलोच्या वासरास अडीच लिटर. खरवस करावा तो वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.

उपाय आवाक्यातले

पाण्याची सोय असल्यास गाभण व दुभत्या जनावरांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोड्या क्षेत्रावर लसूणघास पेरावा. तो नुसता न घालता कडब्यात मिसळावा, म्हणजे पोटफुगी टळते. हिरव्या मक्याचा मुरघास केल्यास उन्हाळ्यातही काही कॅरोटीन टिकून राहते.

मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, हादगा, माठ व पपई सहज वाढतात. शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात आणि पाला वाया जातो, हे थांबले पाहिजे. पाल्याची भाजी थोड्या तेलात फोडणी देऊन करावी. स्निग्धांशाशिवाय कॅरोटीन अंगी नीट लागत नाही. पाला साठवावयाचा असेल तर सावलीत वाळवावा. सगळे दूध डेअरीला घालून मुलांच्या वाट्याला कोरा चहा येणार नाही, एवढे घरच्या कर्त्याने पाहावे.

शासकीय कार्यक्रमानुसार बालकास नवव्या महिन्यात 1 लक्ष एककांची व त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लक्ष एककांची मात्रा दिली जाते. ती चुकवू नये. परंतु स्वतःच्या विचाराने जादा औषध देऊ नये. अतिरिक्त मात्रा घातक असते, गरोदर स्त्रियांना तर विशेषच. जनावरांची औषधे माणसांना कदापि देऊ नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठा पाहावयास गेल्यावर एक प्रश्न घरातही विचारावा : “मुलाला संध्याकाळी नीट दिसते ना?” उत्तर नकारार्थी आले, तर त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कोरडा पडू लागलेला डोळा वाचविता येतो. गेलेली दृष्टी परत आणता येत नाही.