श्रेय कांद्याला

चाळीत कुणाला फिट आली की गॅलरीतल्या सगळ्या दारांतून एकदम सल्ले सुटतात: कांदा फोडून नाकाशी धरा, चप्पल हुंगवा, मुठीत किल्ल्या द्या. दोन मिनिटांत झटके थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025मध्ये टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या तरी दार उघडायलाच वापरा.

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. नाकाशी अत्तर धरलं असतं तरी थांबली असती. ‘पण कांद्याने नुकसान काय?’ हे तर हमखास ऐकायला मिळतं. नुकसान हे, की ‘उतरली बाबा’ म्हणत सगळे आपापल्या खोलीत जातात आणि तपासणी राहून जाते. आयुष्यात कधी फिट न आलेल्या चाळिशीच्या माणसाला ती पहिल्यांदा आली, तर मेंदूचा सीटी किंवा एमआरआय व्हायलाच हवा. मेंदूतल्या गाठीचं ते पहिलं लक्षण असू शकतं, आणि तोवर डोकं एकदाही दुखलेलं नसेल. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याची आवरणं आणि रक्तवाहिन्या.

शिवाय प्रत्येक फिट माणसाला खाली पाडत नाही. एकाच हाताचा अंगठा किंवा ओठाचा कोपरा उडत राहणं, काही जळत नसताना जळका वास येणं, बोलता बोलता मिनिटभर शून्यात बघणं, हीसुद्धा फिट असू शकते. तिच्यासाठी कुणी कांदाही आणत नाही.

गाठ म्हणजे कॅन्सरच, असंही नाही. आपल्याकडे मेंदूत क्षयाची गाठ होते, फीतकृमीच्या अळीचीही होते. दोन्हींवर औषधं आहेत.

गाठीबद्दल चाळीत आणखीही काही ऐकू येतं. ‘डोकं दुखतंय, ट्यूमर असेल’: बहुधा नसतो. पण नव्याने सुरू झालेली, वाढत जाणारी, पहाटे झोपेतून उठवणारी, उलट्यांसह येणारी डोकेदुखी दाखवाच.

‘ट्यूमर मोबाइलमुळे होतो’: जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या 2024च्या आढाव्यात असा संबंध आढळला नाही.

‘वय झालं, चिडचिडे झालेत’: काही आठवड्यांत स्वभाव पालटला, एका पायातली चप्पल निसटलेली कळेना, एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागलं, तर वयाला दोष देऊ नका, हीही गाठीची लक्षणं असू शकतात.

फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली तर 108. आधी थांबली तरी परळला केईएम रुग्णालयाच्या न्यूरोलॉजीत दाखवा, आणि जमल्यास मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या. डॉक्टरांनी फिट पाहिलेली नसते, आणि रुग्णाला बहुधा काही आठवत नसतं.