महाराष्ट्राचा पहिला रणजी करंडक : १९३९-४०

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि सहाव्या हंगामात महाराष्ट्राने ती प्रथम जिंकली. मुंबईचा संघ वेगळा असल्यामुळे ‘महाराष्ट्र’ म्हणजे पुण्याभोवतीचा मुलूख. त्यात साताऱ्यासारखे ब्रिटिश जिल्हे होते, तशी सांगली, जत, फलटण ही संस्थानेही.

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये १९१९-२० पासून पहिल्या विभागातला प्रत्येक संघ ४२ सामने खेळे. दोन-चार पराभव सहज पचत. रणजीत ती सोय नव्हती. सामने विभागवार आणि बाद पद्धतीचे, हरला तो घरी. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी निर्णायक ठरे. त्यामुळे घाई न करता खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या फलंदाजाला सोन्याचा भाव होता.

असा फलंदाज सांगलीने दिला. विजय हजारे यांचा जन्म तिथेच, ११ मार्च १९१५ रोजी. जतच्या राजेसाहेबांनी ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले होते. हजारे त्यांच्या हाताखाली शिकले. लेगस्पिन शिकवणाऱ्यानेच या शिष्याला फलंदाजीकडे वळवले, ही त्यातली गंमत.

१९३९-४० मध्ये पुण्याला बडोद्याविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजीतले हे पहिले त्रिशतक. त्याहून नवल म्हणजे आठ गडी बाद झाल्यावर आलेल्या नगरवाला यांना साथीला घेऊन त्यांनी नवव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. शेपूट गुंडाळायला आलेल्या गोलंदाजांचे काय झाले असेल, याची कल्पना करावी.

कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक तेव्हा पन्नाशीला टेकले होते. अंतिम सामनाही पुण्यातच झाला. संयुक्त प्रांताच्या २३७ धावांना महाराष्ट्राने ५८१ धावांनी उत्तर दिले. दुसऱ्या डावात पाहुण्यांनी ३५५ पर्यंत झुंज दिली. तरी विजयासाठी उरल्या अवघ्या १२ धावा, आणि सामना दहा गडी राखून जिंकला.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर इंग्लंडची फुटबॉल लीग त्याच हंगामात थांबली. रणजी मात्र चालू राहिली. १९४०-४१ मध्ये मद्रासला हरवून महाराष्ट्राने करंडक राखला. पुढे हजारे बडोद्याकडून खेळू लागले. त्यानंतर महाराष्ट्र अंतिम फेरीत पोहोचला, २०१३-१४ मध्ये कर्नाटकाशीही झुंजला, पण तिसरा करंडक अजून आलेला नाही.