संकेतस्थळ बंद पडते तेव्हा

रविवारी सकाळी आम्ही काही माजी विद्यार्थी धायरीच्या आपल्या शाळेत येऊन मुलांना प्रोग्रामिंगचे प्राथमिक धडे देतो. मुले आपला सराव ज्या संकेतस्थळावर ठेवीत, ते एका रविवारी काही केल्या उघडेना. आठवीतील एका मुलीने विचारले, "दादा, साइट बंद पडली म्हणजे आमचं सगळं गेलं का?" प्रश्न लहान होता, परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांला जमले नाही. ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडत आहोत.

संकेतस्थळ म्हणजे अधांतरी असलेली वस्तू नव्हे. कोठल्या तरी इमारतीत अहोरात्र चालणारा एक संगणक असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. आपण पत्ता लिहिला की आपली मागणी त्याच्यापर्यंत जाते आणि तो हवे ते पान पाठवून देतो. यात तीन प्रकारे खंड पडू शकतो. त्या संगणकाकडे जाणारी वाट बंद होते, संगणकच बंद ठेवावा लागतो, किंवा त्यातील माहिती पुसली जाते. आपल्या पडद्यावर तिन्ही वेळा एकच दिसते, ते म्हणजे पान उघडत नाही. प्रोग्रामर मंडळींनी हे तिन्ही प्रसंग अनुभवलेले आहेत.

वाट बंद होण्याचा प्रसंग आपल्याच देशातला आहे. १७ डिसेंबर २०१४ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ३२ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. दहशतवादी प्रचाराचा मजकूर तेथे आढळल्याचे सांगून महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने तशी मागणी केली होती. या यादीत प्रोग्रामर ज्यावर आपल्या कामाचे लहान तुकडे ठेवतात, ते पेस्टबिन आणि गिटहबचा जिस्ट हा विभागही होता. वर्षाच्या अखेरच्या दिवशी अनेकांना आपलीच पाने उघडेनाशी झाली. माहिती सर्व्हरवर शाबूत होती, फक्त भारतातून तिच्यापर्यंत जाता येत नव्हते. पुढे काही दिवसांतच यांपैकी अनेक स्थळे खुली झाली. ज्यांनी आपले लेखन स्वतःच्या संगणकावरही ठेवले होते, त्यांचे काम अडले नाही. ज्यांचे सर्वस्व तेथेच होते, त्यांना थांबावे लागले.

दुसरा प्रसंग २०११ चा. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरचे हजारो प्रोग्रामर मिळून घडवतात. तिचे मुख्य संकेतस्थळ कर्नल डॉट ऑर्ग. त्याच्या सर्व्हरांत कोणी तरी घुसखोरी केल्याचे ऑगस्टच्या अखेरीस उघडकीस आले आणि ते बंद करून स्वच्छ करावे लागले. हे काम महिनाभराहून अधिक चालले. तरीही लिनक्सची निर्मिती थांबली नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबरमधील चाचणी आवृत्ती तात्पुरती गिटहबवर ठेवली.

हे शक्य झाले ते गिट या साधनामुळे. टोरवाल्ड्स यांनीच ते २००५ मध्ये तयार केले. गिटमध्ये काम करणाऱ्या व्यक्तीच्या संगणकावर केवळ आजची प्रत नसते, तर प्रत्येक बदलाच्या नोंदीसह संपूर्ण वहीच असते. शिवाय प्रत्येक नोंदीला तिच्यातील मजकुरावरून व मागील नोंदीवरून काढलेला चाळीस अक्षरी ठसा असतो. एक अक्षर गुपचूप बदलले तरी ठसा जुळत नाही आणि इतरांच्या प्रतींशी ताडून पाहताच ती लबाडी उघडी पडते. मुख्य स्थळ बंद असतानाही वही हजारो हातांत सुरक्षित होती, ती यामुळेच.

तिसरा प्रसंग सर्वांत बोधप्रद आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने, दुरुस्ती करता करता, चुकीच्या सर्व्हरवर पुसून टाकण्याची आज्ञा दिली. दोन क्षणांत चूक ध्यानी आली, परंतु तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. त्यांतील एकही भरवशाची निघाली नाही. रोज प्रत घेतली जाते असे सर्वांना वाटत होते, प्रत्यक्षात ती जागा रिकामी होती. दुसऱ्याच एका चाचणीसाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली प्रत कामी आली. सुमारे अठरा तासांनी स्थळ सुरू झाले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

तथापि गिटलॅबने काही लपवले नाही. काय चुकले, काय सापडले, हे त्यांनी सर्वांना दिसेल अशा दस्तऐवजात तासागणिक लिहिले आणि दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही केले. एका माणसाला दोषी ठरवून ते मोकळे झाले नाहीत. एका चुकीने एवढे नुकसान होऊ देणारी व्यवस्था त्यांनी बदलली.

तर त्या मुलीला आम्ही जे सांगितले ते असे : संकेतस्थळ बंद पडले म्हणून सगळे जात नाही, एकच प्रत असेल तर मात्र जाऊ शकते. तिचा सराव चार दिवसांनी पुन्हा दिसला. पुढच्या रविवारी पहिला धडा प्रत काढण्याचाच झाला.

हा धडा केवळ संगणकापुरता नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका हे सारे एका पत्र्याच्या पेटीत असते. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या पालकांची ती पेटी भिजली वा हरवली, तर मुलाचा प्रवेश वा शिष्यवृत्ती अडते. म्हणून पालकांना विनंती, की प्रत्येक कागदाच्या तीन प्रती असाव्यात : मूळ पेटीत, छायाचित्र मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स दुसऱ्या गावी विश्वासू नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा तिन्ही उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेल्या प्रतीचा भरवसा काय असतो, हे गिटलॅबला त्या रात्री कळले.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. शाळेच्या स्नेहसंमेलनांची, सहलींची जुनी छायाचित्रे आज कोणा एकाच्या मोबाइलमध्ये, कोणा एकाच्या अल्बममध्ये आहेत. त्यांची एक प्रत शाळेत आणून द्यावी. रविवारी आम्ही संगणक कक्षात असतोच.